फोटोंचा ताळा जुळला का?

गेल्या पावसाळ्यात आम्ही थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. दाजींना जाऊन तेव्हा वर्ष व्हायचे होते. भाच्याने नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून हप्त्याने आयफोन घेतला होता. घरातला जुना अँड्रॉइड फोन दुकानात बदलीत देऊन टाकला होता. चहापाणी झाल्यावर अक्का म्हणाली, "बाळा, तुझ्या बाबांचा गच्चीवरचा तो फोटो मामाला दाखव."

भाचा शोधू लागला. पाच मिनिटे झाली, दहा झाली. "इथंच होता," एवढेच तो म्हणत राहिला. जुन्या फोनमध्ये दोन हजारांवर फोटो होते असे त्याला आठवत होते. नव्या फोनमध्ये होते फक्त ४१२. दाजींचे शेवटच्या दोन वर्षांतले बहुतेक सारे फोटो त्या न आलेल्यांत होते.

झाले होते असे की, फोटो एका फोनमधून दुसऱ्यात जात असतानाच जुन्या फोनवर कोणाचा तरी कॉल आला. भाच्याने तो घेतला. नंतर नवा फोन उघडून पाहिला, तर फोटो दिसत होते. त्याला वाटले, काम झाले. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने विचारलेही, "सगळं घेतलं ना?" हा म्हणाला, "हो." दुकानदाराने नियमाप्रमाणे फोन पुसून कोरा केला. यात दुकानदाराचा काही दोष नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे पदवीधर, त्यात वीस वर्षांची कारकुनी. एका वहीतली शिल्लक दुसऱ्या वहीत ओढायची तर दोन्हीकडची बेरीज जुळल्याशिवाय आम्ही जुनी वही बांधून ठेवत नाही. पण घरातल्या फोटोंच्या बाबतीत हा साधा नियम आपल्यापैकी कितीजण पाळतात?

आणि हे फोटो काही किरकोळ वस्तू नव्हेत. आमच्या आजोबांचा एकही फोटो घरात नाही. आजीचा एक आहे, तोही सरकारी कागदासाठी स्टुडिओत बसवून काढलेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हीच स्थिती असेल. ज्यांच्या दोन पिढ्यांचा चेहरा पाहायला मिळत नाही, त्यांच्या हातात आज हजारोंनी फोटो आहेत, पण ते सारे एकाच फोनमध्ये. शिवाय जातीचा दाखला, गुणपत्रिका, रेशनकार्ड यांचे फोटोही त्यातच. म्हणून या विषयावर लिहावे असे ठरवले. अक्काकडच्या प्रकारानंतर आम्ही हे काम स्वतः शिकून घेतले आणि वस्तीतल्या काही घरांत करूनही दिले.

दोन फोन, दोन घराणी

आज बाजारात मुख्यतः दोन घराण्यांचे फोन आहेत. एक ॲपल कंपनीचा आयफोन, जो २००७ साली आला. दुसरे गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे फोन, ज्यांतला पहिला २००८ साली विक्रीस आला. अँड्रॉइड फोन अनेक कंपन्या बनवतात, आयफोन मात्र एकटी ॲपल. एकाच घराण्यातल्या दोन फोनांची देवाणघेवाण सहज होते. ॲपलची एअरड्रॉप ही सोय ॲपलच्या यंत्रांसाठी, तर क्विक शेअर ही अँड्रॉइडची. नोव्हेंबर २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल १० या आपल्या फोनांपासून दोहोंत थेट देवाणघेवाणीची सोय सुरू केली. पण साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवाल्याला त्याचा उपयोग नाही. त्याला पुढील मार्ग धरावे लागतात.

आधी मोजणी

कोणताही मार्ग धरा, सुरुवात मोजणीने करा. अँड्रॉइड फोनच्या गॅलरीत बहुधा प्रत्येक अल्बमखाली फोटोंचा आकडा असतो. कॅमेरा, व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट असे जे जे अल्बम असतील, त्यांचे आकडे कागदावर उतरवून घ्या. फोनमध्ये मेमरी कार्ड असेल तर तेही धरा. आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन जनरल आणि मग अबाउट उघडले की फोटो किती व व्हिडिओ किती, हे सरळ आकड्यांत मिळते. नव्या फोनमध्ये तेवढी जागा आहे का, हेही याच वेळी पाहावे.

अँड्रॉइडवरून आयफोनवर

यासाठी ॲपलचे 'मूव्ह टू आयओएस' नावाचे मोफत ॲप २०१५ पासून आहे. ते जुन्या अँड्रॉइड फोनवर घ्यायचे. नवा आयफोन पहिल्यांदा सुरू करताना तो विचारतो की, आधीची माहिती कुठून आणायची. तिथे 'फ्रॉम अँड्रॉइड' निवडले की पडद्यावर काही आकडे येतात. ते जुन्या फोनमध्ये भरायचे, मग काय काय न्यायचे ते निवडायचे. संपर्क, संदेश, फोटो, व्हिडिओ असे सारे त्यातून जाते.

इथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दोन्ही फोन शेजारी ठेवून चार्जरला लावावेत. दुसरी, काम चालू असताना जुन्या फोनला हात लावू नये. दुसरे ॲप उघडले किंवा कॉल आला तर काम अर्धवट राहू शकते. भाच्याचे नेमके इथेच चुकले. यासाठी विमान-मोड लावून वाय-फाय तेवढे चालू ठेवावे. तिसरी, जुन्या फोनने 'झाले' म्हटले तरी थांबावे. आयफोनवरची पट्टी पूर्ण भरली, म्हणजेच काम झाले.

आयफोन आधीच सुरू करून वापरात असेल तर? मग सोपा उपाय पेनड्राइव्हचा. २०२३ साली आलेल्या आयफोन १५ पासून आयफोनलाही आजच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांसारखेच टाइप-सी तोंड आहे. टाइप-सीचा पेनड्राइव्ह अँड्रॉइडला लावून त्यात फोटो उतरवावेत, मग तो आयफोनला लावून 'फाइल्स' या ॲपमधून फोटो निवडून साठवावेत. त्याआधीच्या आयफोनांचे तोंड वेगळे असल्याने वेगळा जोड घ्यावा लागतो.

संगणकावरूनही काम होते. अँड्रॉइड फोन केबलने जोडून फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडले की डीसीआयएम नावाचा फोल्डर दिसतो. कॅमेऱ्याने काढलेले फोटो सहसा त्यातच असतात. तो सगळा संगणकात उतरवून घ्यावा. मात्र संगणकातून आयफोनमध्ये फोटो नुसते चिकटवता येत नाहीत. त्यासाठी ॲपलचा कार्यक्रम संगणकावर घ्यावा लागतो.

आयफोनवरून अँड्रॉइडवर

उलट प्रवासही अनेकांच्या नशिबी येतो. आयफोन पडून फुटला, दुरुस्ती परवडत नाही, म्हणून माणूस अँड्रॉइडवर येतो. नवा अँड्रॉइड फोन सुरू करतानाच 'जुन्या फोनवरून माहिती आणायची का' असे विचारतो. तेव्हा दोन्ही फोन केबलने जोडावेत. आयफोनचे कुलूप उघडे ठेवावे आणि 'ट्रस्ट' असे विचारले की होकार द्यावा. सॅमसंगचा फोन असेल तर त्याचे 'स्मार्ट स्विच' हेच काम करते.

यात एक मोठा खड्डा आहे. आयफोनमध्ये आयक्लाउडवर फोटो ठेवण्याची सोय चालू असेल आणि 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' निवडलेले असेल, तर जागा वाचवण्यासाठी फोन पूर्ण फोटो ॲपलकडे ठेवतो आणि स्वतःजवळ लहान प्रत ठेवतो. पडद्यावर फोटो दिसतो, पण मूळ फोटो फोनमध्ये नसतो. केबलने जोडून तो मिळायचा नाही. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये 'डाउनलोड अँड कीप ओरिजिनल्स' निवडावे, वाय-फायवर फोन काही तास ठेवावा आणि सगळे फोटो उतरले की मगच पुढे जावे.

दुसरी अडचण फोटोच्या प्रकाराची. २०१७ पासून आयफोन आपले फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. त्यात जागा कमी लागते, पण जुन्या संगणकावर ते उघडत नाहीत. ऑनलाइन अर्ज भरताना जेपीजी फोटो मागतात, तिथे मुले अडतात ती यामुळेच. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडले की यापुढचे फोटो जेपीजीत निघतात. आयफोनचे 'लाइव्ह' फोटो, म्हणजे क्षणभर हलणारे, अँड्रॉइडवर गेले की बहुधा स्थिर होतात. त्यांत बाळाचा आवाज वगैरे असेल तर त्याचा व्हिडिओ करून ठेवणे बरे.

व्हॉट्सॲपने पाठवू नका

"एवढा खटाटोप कशाला? व्हॉट्सॲपवर पाठवून देऊ," असे पुष्कळजण म्हणतात. दोन-चार फोटोंना ठीक आहे. पण व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवते. आज पडद्यावर फरक कळत नाही. उद्या तोच फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटले की चेहरा पुसट होतो. २०२३ साली आलेल्या एचडी पर्यायाने हे थोडे सुधारते, पण मूळ फोटो तसाच पाठवायचा तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा लागतो.

दुसरे नुकसान तारखेचे. कॅमेऱ्याने काढलेल्या प्रत्येक फोटोच्या पोटात तो कधी काढला याची नोंद असते. साध्या रीतीने व्हॉट्सॲपवर पाठवला की ती नोंद निघून जाते आणि उरते ती पाठवल्याची तारीख. वडिलांचा २०१९ चा फोटो आजच्या तारखेखाली जाऊन बसतो. पन्नास वर्षांनी नातवंडे ते पाहतील तेव्हा त्यांना कोण सांगणार?

गूगल फोटोजचा मार्ग

गूगल फोटोज हे ॲप दोन्ही घराण्यांच्या फोनांवर चालते. जुन्या फोनवर बॅकअप चालू करायचा, नव्या फोनवर त्याच खात्याने उघडायचे की फोटो हजर. पण याचेही हिशेब आहेत. पूर्वी यात जरा लहान केलेले फोटो कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत हिश्शात धरले जातात आणि त्याच हिश्शात आपला जीमेल व ड्राइव्हही येतो. जागा भरली की बॅकअप थांबतो. ॲपलच्या आयक्लाउडवर मोफत जागा ५ जीबीच आहे.

शिवाय, नव्या फोनवर गूगल फोटोजमध्ये फोटो दिसतो म्हणजे तो त्या फोनमध्ये आहे असे नाही. तो गूगलकडे आहे आणि आपण तिथला पाहत आहोत. खात्याचा पासवर्ड विसरलो तर हात रिकामे. आणखी एक. जागा करायची म्हणून या ॲपमधून फोटो पुसला तर तो गूगलकडूनही पुसला जातो. फक्त फोनमधली प्रत काढायची तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' हा वेगळा पर्याय आहे. चुकून पुसला गेलाच, तर बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत ६० दिवस राहतो. आयफोनच्या 'रीसेंटली डिलीटेड'मध्ये ही मुदत साधारण ३० दिवसांची असते. तेवढ्यात परत घ्यावा.

ताळा, आणि मगच निरोप

फोटो आले की पुन्हा मोजा. कागदावरचा आकडा आणि नव्या फोनमधला आकडा शेजारी लिहा. दोन-चारचा फरक कधी कधी दुबार फोटोंमुळे पडतो, शेकड्यांचा पडला तर काम अपुरे आहे. मग अगदी जुना, अगदी नवा आणि मधल्या प्रत्येक वर्षातला एकेक फोटो उघडून, मोठा करून पाहा. दोन-तीन व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. इंटरनेट बंद करूनही पाहा, म्हणजे फोनमध्ये खरोखर काय आहे ते कळते.

ताळा जुळला तरी जुना फोन लगेच देऊ नये. महिनाभर घरात ठेवावा. बदलीत चारशे-पाचशे रुपये कमी मिळतील, मिळू द्यावेत. याच महिन्यात फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा संगणकावर करून नातेवाइकाच्या घरी ठेवावी. फोन देताना मात्र आपल्या हाताने, खात्यातून बाहेर पडून तो पुसून द्यावा. पासवर्ड दुकानात सांगू नये. त्यात बायका-मुलींचे फोटो असतात, घरातल्या सर्वांचे कागद असतात.

अक्काच्या फोटोंचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतील. भाच्याने आणि आम्ही मिळून सगळ्या नातेवाइकांना विचारले. कोणाकडे लग्नातला, कोणाकडे बारशातला, असे करत साठेक फोटो जमले. गच्चीवरचा फोटो धाकट्या भाचीच्या व्हॉट्सॲपवर मिळाला, लहान झालेला. तारीख त्यावर नव्हती. अक्काला मात्र आठवत होते की, तो धाकटीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी काढलेला आहे. आम्ही तो फोटो कागदावर छापून आणला आणि मागच्या बाजूला पेनाने ती तारीख लिहिली. अक्काने तो ट्रंकेत, आजीच्या फोटोशेजारी ठेवला आहे.