जुन्या वादळाची डागडुजी

गोव्यात 1998 च्या सुमारास अवतरलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनांची गाडी दौंडच्या एखाद्या हौशी गृहस्थाच्या हाती लागलीच, तर तिच्या फायबरच्या कवचाला गंज चढत नाही या समाधानात न राहता त्याने खालच्या लोखंडाची कसून तपासणी करावी. इंजिन उघडण्याचा मोह अनावर असला, तरी पहिला मान ब्रेकचा. कारण ब्रेकचे तेल ओलावा शोषते, आणि कोरडेपणी किमान 230 अंशांवर उकळणारे डॉट 4 तेल ओलावल्यावर 155 अंशांवरही उकळू शकते, व मग पेडल पायाखाली नुसते खचते. (दौंडसारख्या रेल्वेच्या गावाला ब्रेकची महती निराळी सांगायला नको!) डागडुजीनंतर गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची हौस असेल, तर कोइमतूर किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकपर्यंत ती ट्रेलरवरूनच न्यावी.