धुराड्यातील पहारेकरी

नवी मोटारसायकल रस्त्यावर आली की तिच्या मालकाला एक सल्ला हटकून मिळतो. सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढावा, टाकीला जोडलेला कोळशाचा डबाही काढावा, म्हणजे गाडीचा श्वास मोकळा होतो आणि तिची ताकद वाढते. हा सल्ला कितपत खरा, हे ठरविण्यापूर्वी ते भाग तेथे कशासाठी बसविलेले असतात, हे पाहणे इष्ट होय.

इंजिनात पेट्रोल कधीच पूर्णपणे जळत नाही. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. मात्र रक्तातील हिमोग्लोबिनला चिकटून तो प्राणवायूची जागा अडवितो. न जळालेले हायड्रोकार्बन आणि प्रखर उष्णतेने बनलेली नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यापासून सूर्यप्रकाशात ओझोन तयार होतो, आणि जमिनीलगतचा ओझोन फुफ्फुसांना जाचतो.

या तिघांना अडविणारा पहारेकरी म्हणजे कन्व्हर्टर. मधाच्या पोळ्यासारख्या त्याच्या छिद्रांवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता मिळाली की विषारी वायूंचे रूपांतर कार्बन डायॉक्साइड, पाण्याची वाफ आणि नायट्रोजन यांत होऊ लागते. त्यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण राखावे लागते. ते काम धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सरच्या सूचनेवरून चालते. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यात साठते आणि इंजिन चालू असता पुन्हा जळण्यासाठी आत ओढली जाते.

कन्व्हर्टरमुळे धुराच्या वाटेत थोडा अडथळा येतो, हे खरे. शर्यतीच्या गाडीत सारी यंत्रणा नव्याने जुळवून काही लाभ मिळविता येतो. परंतु रोजच्या वापरातील गाडीत बहुधा आवाजच वाढतो आणि मालकाला तीच ताकद वाटते. सेन्सर काढला तर धोक्याचा दिवा पेटतो, इंधनाचे प्रमाण अंदाजाने ठरू लागते आणि पेट्रोल अधिक लागण्याचा संभव असतो. डबा काढून नळी उघडी राहिली, तर तीतून आगंतुक हवा शिरून इंजिनाची संथ चाल बिघडते.

या भागांसाठी देशानेही किंमत मोजली आहे. शिशामुळे कन्व्हर्टर निकामी होतो. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाची मानके देशभर लागू झाली, तेव्हा इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. अनधिकृत फेरबदलांना मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मनाई आहे. प्रदूषण तपासणीचा दाखला मिळाला की सारे ठीक, असेही नव्हे. दुचाकीच्या या तपासणीत संथ चालीतील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत.

भारतातील नोंदणीकृत वाहनांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश दुचाकी आहेत. एका गाडीचा धूर क्षुल्लक वाटला, तरी दिल्लीच्या हिवाळ्यात हवा जमिनीलगत कोंडते, तेव्हा असे अनेक क्षुल्लक धूर एकत्र होतात. तो धूर स्वाराच्या मागे राहतो; आणि तेथे चौकातला पोलीस, फेरीवाला आणि मागच्या दुचाकीवर पुढे बसलेले मूल उभ्या जागी श्वास घेत असतात. पहारेकऱ्याचा पहारा त्यांच्यासाठी असतो.