उभे राहताना येणारी घेरी

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी होऊन रुग्ण घरी परततो. दोन-चार दिवसांनी पहाटे तो अंथरुणातून उठून उभा राहतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे एकाएकी अंधारी येते. शस्त्रक्रिया फसली की काय, या शंकेने घरातील माणसे धास्तावतात. परंतु पुष्कळदा या घेरीचे कारण हृदयात नसून रुग्णाला दिलेल्या औषधांत असते.

मनुष्य उभा राहिला की सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पोट व पाय यांतील नीलांमध्ये उतरते. मानेतील रोहिण्या आणि महारोहिणीची कमान यांच्या भित्तींत असलेली संवेदनाक्षम चेताग्रे दाबातील ही घट तत्काळ ओळखतात. मग हृदयाचे ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि मेंदूचा रक्तपुरवठा अबाधित राहतो.

नेमक्या याच व्यवस्थेवर औषधांचा परिणाम होतो. मूत्रल औषधे शरीरातील पाणी व मीठ बाहेर टाकून रक्ताचे आकारमान घटवतात. मेटोप्रोलोलसारखी औषधे हृदयाची गती वाढू देत नाहीत. रामिप्रिल, अम्लोडिपिन यांच्यामुळे रोहिण्या शिथिल होतात, तर नायट्रेटांमुळे विशेषतः नीला. यांपैकी प्रत्येक औषध आपापल्या जागी हितकारकच असते. पण त्यांचे परिणाम एकमेकांत मिळतात. त्यातच शस्त्रक्रियेतील रक्तस्राव, मंदावलेली भूक आणि दीर्घ विश्रांती यांची भर पडते. त्यामुळे पूर्वी मानवणारी मात्राही आता अधिक ठरू शकते.

याची परीक्षा सोपी आहे. पाच मिनिटे आडवे पडल्यावर रक्तदाब मोजावा व उभे राहिल्यानंतर तीन मिनिटांच्या आत पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 मिलिमीटरने उतरला, तर डॉक्टरांना कळवावे. औषध घेतल्याची वेळही टिपून ठेवावी. तिच्या आधारे डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा वेळा बदलून देतात.

रुग्णाने मात्र आपल्या मनाने औषध बंद करू नये. मेटोप्रोलोलसारखे औषध एकाएकी थांबवल्यास हृदयाची गती वाढून ती अनियमितही होऊ शकते. उठताना आधी काठावर बसावे, पाय हलवावेत, मगच आधार घेऊन उभे राहावे. छेदलेली उरोस्थी सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात पडणे परवडणारे नसते.

घेरीबरोबर छातीत दुखणे, धाप, ताप, शुद्ध हरपणे किंवा काळे शौचास होणे यांपैकी काहीही आढळल्यास दोष औषधांवर टाकून स्वस्थ बसू नये. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.