परक्याच्या डोळ्यांनी पाहिलेला तिबेट



आवडत्या लेखकाची पात्रे उसनी घेऊन वाचकाने पुढची कथा स्वतः रचावी, या प्रकाराला इंग्रजीत 'फॅन फिक्शन' म्हणतात. हा पोरखेळ आहे, असे पुष्कळांना वाटते. परंतु अशाच एका कथेतून एका देशाचे गाऱ्हाणे जगापुढे आले, ते आज पाहू.

कॉनन डॉइलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मारले आणि १९०३ साली परत आणले. मधल्या काळात आपण दोन वर्षे तिबेटात होतो, ल्हासाही पाहिले, असे होम्स सांगतो. बस्स, एवढेच! डॉइलला तिबेट हवा होता तो नायकाला दडवण्यापुरता. तेथे राहणाऱ्या माणसांविषयी त्या कथेत जवळजवळ काहीच नाही.

ही रिकामी जागा १९९९ साली जमयांग नोर्बू या परागंदा तिबेटी लेखकाने भरली. 'द मंडल ऑफ शेरलॉक होम्स' या त्यांच्या इंग्रजी कादंबरीत होम्स आपल्या मुंबईस उतरतो व पुढे हिमालय ओलांडतो. ही हकीकत सांगतात हरीबाबू मुकर्जी. किपलिंगच्या 'किम'मधले, ब्रिटिशांची हेरगिरी करणारे हे बंगाली गृहस्थ.

तिबेटी लेखकाने निवेदक परका का घ्यावा? घरच्या माणसाला घरातले काही नवे वाटत नाही. परका विचारतो, चुकतो आणि त्याच्याबरोबर वाचकही शिकतो. शिवाय तिबेटची कैफियत ऐकायला जो थांबणार नाही, तो होम्सच्या मागे ल्हासापर्यंत निमूट जातो! तेथे तरुण दलाई लामांच्या जिवावर संकट आहे आणि त्यामागे चिनी वकिलातीचा हात आहे. १९५० साली तिबेटात शिरलेली चिनी फौज मग वाचकाला आपोआप आठवते.

यात धोकाही आहे. परक्याला नवल तेवढे दिसते. त्याच्या भेटीची किंमत दिसत नाही. हरीबाबूंचा नमुना मानले जाणारे शरच्चंद्र दास १८८१ साली खरोखरच तिबेटात गेले. ते सुखरूप परतले. पण त्यांना आश्रय देणाऱ्या लामाला पुढे देहदंड झाला.

म्हणून परदेशावरची कोणतीही कथा मिटताना एवढे पाहावे: पाहुणा निघून गेल्यावर मागे माणसे उरतात, की नुसता देखावा?