फुकट गाण्याचे पैसे कोण देतं?

मी चेन्नईत, अड्यारला राहतो. परवा कस्तुरबा नगर स्टेशनवर लोकलची वाट पाहत होतो. भाच्याने मोबाइलवर एक जुनं मराठी भावगीत लावलं आणि म्हणाला, "मामा, एका साइटवरून फुकट घेतलं. यूट्यूबवर फुकट, तिथेही फुकट. दोन्हीकडे जाहिराती असतात. मग यात चोरी कसली?"

प्रश्न रास्त आहे. फरक आहे परवान्याचा.

कायदेशीर सेवा रेकॉर्ड कंपनीकडून गाण्याचा परवाना घेते. जाहिरातदार पैसे देतो, त्यातला वाटा हक्कदारांना जातो. आपल्याकडे २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून सिनेमाच्या गाण्यांच्या रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटाही त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. अपवाद फक्त सिनेमागृहातल्या प्रदर्शनाचा. चोरीच्या साइटवरही जाहिराती असतात, पण ते सगळे पैसे साइटवाल्याच्या खिशात जातात.

मग कायदेशीर सेवा सरळ फाइलच का देत नाहीत? तसा प्रयोग झाला होता. अमेरिकेत २००७ मध्ये 'स्पायरलफ्रॉग' सुरू झालं. जाहिराती बघा, गाणं फुकट उतरवा. अडचण अशी की, फाइल एकदा हातात आली की माणूस ती शंभर वेळा ऐकतो आणि जाहिरात एकदाच बघतो. म्हणून फाइलला कुलूप घातलं. ठरावीक काळाने साइटवर परत गेलं नाही तर गाणं बंद! त्यात आयपॉडवर ते वाजतही नसे. मार्च २००९ मध्ये दुकान बंद झालं.

पुढे मधला मार्ग निघाला. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने भारतात काही व्हिडिओ मोबाइलवर साठवायची सोय दिली. ४८ तास इंटरनेटशिवाय बघा, मग पुन्हा जोडा. असं गाणं ॲपमध्येच राहतं, व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही. गाणं आपल्या मालकीचं होत नाही, ते उसनं असतं.

ओळखायचं कसं? नुसती जाहिरात बघू नका. गाणं रेकॉर्ड कंपनीच्या किंवा कलाकाराच्या अधिकृत चॅनेलवर आहे का, ते बघा. कलाकार स्वतःच "खुशाल उतरवून घ्या" म्हणत असेल, तर प्रश्नच नाही.

गाडी आली. भाच्याने तेच भावगीत कंपनीच्या चॅनेलवर शोधलं. आधी साबणाची जाहिरात लागली. तो वैतागला. मी म्हटलं, "बघ रे, तेच तुझं तिकीट!"

भेटू पुढच्या भागात.