मुद्राचित्रणातील फिरते वादक व लोकजीवन
मुद्राचित्रणातील फिरते वादक व लोकजीवन : काष्ठठसा, अम्लरेखन, शिलामुद्रण, लिनो-ठसा इ. तंत्रांनी केलेले रस्त्यावरील वादक, भिक्षेकरी, कारागीर यांचे चित्रण. एका ठशावरून अनेक प्रती निघत असल्याने हे विषय दरबाराबाहेरील ग्राहकांपर्यंत पोहोचले.

भारतातील या प्रकारचे विशेष उल्लेखनीय काम फ्रांस्वा बाल्ताझार सोल्विन्स (१७६०–१८२४) या अँटवर्पच्या चित्रकाराचे होय. १७९१ मध्ये तो कलकत्त्यास आला. त्याचा २५० रंगीत अम्लरेखनांचा संग्रह तेथे निघाला व पुढे पॅरिसला १८०८–१२ मध्ये चार खंडांची आवृत्ती प्रसिद्ध झाली. दोन्ही उपक्रमांत त्याला आर्थिक अपयश आले. तथापि सारंगी, तंबुरा, करताळ इ. वाद्ये त्याने वादकांसह रेखाटल्यामुळे ती कशी धरीत, हे कळते.

महाराष्ट्रात चित्रशाळा (पुणे, १८७८) व रविवर्मा मुद्रणालय (१८९४) यांच्या शिलामुद्रितांत देवदेवता व पौराणिक प्रसंगांनाच प्राधान्य मिळाले; घरोघरी भिंतीवर लावण्यासाठी मागणी त्यांनाच होती. दारी येणाऱ्या वासुदेवाचे चित्र विकत कोण घेणार ? महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांच्या छापील टपालपत्रांत मात्र मुंबईतील सामान्य माणसे दिसतात. १९४६ पासून मुंबईत राहिलेल्या चित्तप्रसाद (१९१५–७८) यांनी कष्टकरी मुलांना लिनो-ठशांत स्थान दिले.

खानदेशातील (१९०६ पासून पूर्व व पश्चिम खानदेश, सांप्रत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) गोंधळ्यांचे संबळ-तुणतुणे, वासुदेवाच्या चिपळ्या, आदिवासींची पावरी यांच्या अभ्यासाला असे ठसे तुलनेपुरतेच उपयोगी पडतात. ते वाचताना सावधगिरी हवी. ताम्रपटावर मेणाचा लेप देऊन सुईने रेखाटतात, अम्लाने रेषा खोल करतात आणि शाई भरून ओलसर कागदावर दाबतात. त्यामुळे चित्र आरशातल्याप्रमाणे उलटते. थेट दगडावरून छापलेल्या शिलामुद्रिताचेही तसेच. चित्रकाराने पटावर आधीच उलट रेखाटन केले नसेल, तर उजवा वादक डावखुरा ठरतो आणि संबळाच्या लहान-मोठ्या भांड्यांची जागा बदलते. अशा वेळी चित्रातील जानवे डाव्या खांद्यावर आहे की उजव्या, हे आधी पाहावे.