सुफ: धागे मोजून भरलेले कापड

सुफ ही कच्छमध्ये आज रुजलेली, पण मूळची सीमेपलीकडच्या थरपारकरची भरतकामाची शैली आहे. सोढा राजपूत आणि मेघवाळ समाजांतील स्त्रियांनी ती जपली. १९७१च्या युद्धात भारतीय सैन्याने छाछरो, नगरपारकर हा मुलूख घेतला. सिमला करारानुसार तो परत जाणार हे दिसू लागले, तशी तिथली अनेक हिंदू कुटुंबे कच्छकडे आणि बारमेरकडे निघून आली. घरदार, जमीन मागे राहिली. सुफ मात्र आपसूकच सोबत आली, कारण तिचा नमुना कागदावर नसतोच. तो भरणारीच्या डोक्यात असतो.

सुफ भरताना कापडावर रेघसुद्धा ओढत नाहीत. उभे-आडवे धागे मोजायचे आणि सुई चालवायची, तीही उलट्या बाजूने. भरणारीच्या डोळ्यांसमोर कापडाची पाठ असते. सुलट बाजूवर रेशमी धाग्याच्या एकमेकींना लागून असलेल्या पट्ट्या उमटत जातात. त्रिकोण हा या कामाचा पाया, आणि त्यालाच सुफ म्हणतात. लहानमोठे त्रिकोण जोडत मोर, फुले, नागमोडी रांगा तयार होतात. मोजणीत एक धागा चुकला की त्रिकोणाचे टोक सरकते, त्याला लागून येणारा आकार बसत नाही आणि उसवण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणून धागे नीट दिसतील असेच कापड लागते. इरकली लुगड्यांमुळे मराठी घरांत ओळखीची असलेली कसुतीही मोजूनच भरतात. पण कसुतीच्या गवंती टाक्यात दोन्ही अंगांनी सारखी रेघ दिसते, तर सुफमध्ये भरीव आकार दिसतात. याच स्त्रियांच्या हातचे खारेक काम थोडे वेगळे आहे: आधी काळ्या धाग्याने चौकटी आखायच्या, मग आत खारकांसारख्या जाड पट्ट्या भरायच्या.

मुली हे काम आईजवळ, आजीजवळ बसून शिकत. लग्नाआधीची वर्षे स्वतःच्या पाठवणीच्या वस्तू भरण्यात जात: तोरणे, चाकळे, थैल्या, अभ्रे. सोढ्यांची सोयरीक सोढ्यांत होत नाही. त्यांच्या मुली कच्छच्या जाडेजांकडे पूर्वीपासून दिल्या जात. हद्द ओलांडून आलेल्यांना कच्छ अगदीच परका नव्हता, तो यामुळेच.

परका होता तो बाजार. निर्वासितपणात आणि दुष्काळात घरातली जुनी भरलेली वस्त्रे व्यापाऱ्यांच्या हाती गेली, आणि जे लेकीसाठी भरायचे ते मजुरीने भरायची वेळ आली. मुंबईच्या चंदा श्रॉफ यांनी १९६९च्या दुष्काळात कच्छमध्ये 'सृजन' या संस्थेचे काम सुरू केले होते. भरतकामाला घरबसल्या मोबदला मिळू शकतो हे त्यातून दिसले. भुजच्या उत्तरेला असलेल्या सुमरासर शेख गावात १९९३मध्ये 'कला रक्षा' ही संस्था उभी राहिली. ज्युडी फ्रेटर या अमेरिकन अभ्यासक तिच्या संस्थापकांपैकी एक. संस्थेने जुन्या वस्त्रांचा संग्रह केला तो गावातच, म्हणजे भरणाऱ्या स्त्रियांना आपल्या आज्यांचे काम हाताळून बघता यावे. संग्रहालये वस्तू शहरात नेतात; इथे उलटे झाले, आणि ते फार योग्य झाले.

पण मजुरीच्या व्यवहारात एक अन्याय राहतोच. नमुना दुसऱ्याने द्यायचा आणि बाईने टाके घालायचे, अशी वाटणी झाली की पैसे टाक्यांचे मिळतात, बुद्धीचे नाही. सुफच्या बाबतीत तर हे अधिकच चुकीचे आहे. जी बाई आराखडा न काढता, पाठीमागून, मोजणीवर अख्खा मोर उभा करते, तिला निव्वळ हात समजणे हा तिचा अपमान आहे. २००५मध्ये सुरू झालेल्या कला रक्षा विद्यालयाने नेमके इथेच बोट ठेवले. परंपरागत कारागिरांनाच तिथे रंगसंगती, रचना आणि बाजार यांचे शिक्षण मिळू लागले: वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा निवासी वर्ग, पुरुषांचे आणि स्त्रियांचे वेगळे. शाळेची पायरी न चढलेल्या बायकाही तिथे स्वतःच्या नावाने नवे नमुने करू लागल्या.

सुफ डोळ्यांवर ताण आणते. नजर अधू झाली की धागे मोजता येत नाहीत, आणि वय वाढलेल्या स्त्रिया गोधडीच्या तुकडेजोडीकडे आणि कापडावर कापड शिवण्याच्या कामाकडे वळतात. सुमरासरच्या काही स्त्रियांनी अशा शिवणीतून आपले जगणे चितारले. त्यात गावातले रोजचे काम आहे, २००१चा भूकंप आहे, आणि थरपारकरहून कच्छला येण्याची वाटही आहे.